उंदरांचा थोरला जावई

लालबागच्या आमच्या चाळीत दिवेलागणीला दोन हाका हमखास यायच्या. एक कुल्फीवाल्याची आणि दुसरी बुधाजी घाडीची. कुल्फीवाल्याची हाक ऐकून पोरं धावायची आणि बुधाजीची ऐकून बायका. "पिंजरोऽऽ! कोणाचो नंबर आजऽऽ?"

बुधाजी म्युनिसिपालिटीच्या उंदीरखात्यात पिंजरेवाला होता. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर आडवा बांबू. बांबूच्या दोन्ही टोकांना लोखंडी पिंजरे लटकलेले असत आणि त्यांच्या किणकिणाटावरून बुधाजी कुठल्या मजल्यावर आहे ते कळे. पिंजरा म्युनिसिपालिटीचा, आमिष मात्र ज्याच्या त्याच्या घरचं. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतं याची पक्की खबर बुधाजीकडे असायची. "काय वयनी, आज नुसतीच भाकरी? सुकट नाय? महिनाअखेर इली वाटता!" असं तो दारातूनच विचारी, आणि त्याच्या तोंडाला लागायला नको म्हणून आमच्या चाळीतल्या बायका स्वतः सुकटीशिवाय जेवत, पण उंदराला सुकट घालत.

सकाळी तो भरलेले पिंजरे गोळा करून खात्याच्या चौकीवर नेई. तिथे उंदीर पिंपात बुडवायचे, चाळीचं नाव लावलेल्या डब्यात भरायचे आणि परळच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथले डॉक्टर ते कापून आत प्लेगचे जंतू आहेत का ते पाहत. लोकांची पोरं शाळेत परीक्षेला बसत, बुधाजीचे उंदीर परळला. दर आठवड्याला निकाल लागला की तो जिन्यात उभा राहून सांगे, "आपले सगळे पास!" आणि चाळ सुटकेचा निःश्वास टाकी.

या कामाचा त्याला अभिमान होता आणि त्याला कारणही होतं. त्याची आई तो चार-पाच वर्षांचा असताना गाठीच्या तापाने गेली, याच लालबागच्या एका खोलीत. काखेत गाठ आली, ताप चढला आणि बाई संपली. म्हणून तो घरोघरी बजावून सांगे, "मेललो उंदीर दिसलो तर हात लावू नका, माका हाक मारा. उंदीर थंड झालो की त्याच्या पिसवो उठतत आणि दुसरो घरमालक शोधतत." अन्न झाकून ठेवण्याबद्दल तर त्याचं बोलणं इतकं स्पष्ट असे की इथे लिहिता येत नाही. "उंदीर नुसतो खाऊन जाता काय?" एवढ्यावर थांबतो.

चौकीवर पिंजरेवाल्यांची एक जुनी रीत होती. ज्याला पहिल्यांदा उंदीर चावेल त्याने सगळ्यांना चहा-भजी द्यायची. मग त्याला उलट्या पिंपावर बसवून सुतळीच्या मुंडावळ्या बांधायच्या आणि त्याचं नाव पडायचं 'जावई'. उंदरांचा जावई! ते नाव माणसाला पेन्शनीपर्यंत पुरे. चौकीवर असे पुष्कळ जावई होते. नव्हता तो एकटा बुधाजी. उभ्या नोकरीत त्याला उंदराचा दात लागला नव्हता. "उंदीर माका वळखतत," असं तो मिशीवरून बोट फिरवत सांगायचा.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग साहेबाने नकाशा पसरला.

ते सत्तावन्न साल होतं. नुकत्याच निवडणुका होऊन गेल्या होत्या, भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं आणि मोर्चात घसा बसला नाही असा माणूस आमच्या चाळीत नव्हता. अशा दिवसांत उंदीरखात्याच्या साहेबाने बुधाजीच्या हद्दीवर मधोमध पेन्सिलीने रेघ मारली. रेघेच्या पलीकडचा करी रोड बुधाजीला आणि अलीकडचं लालबाग एका नव्या माणसाला. त्या अलीकडच्या भागात गंगुबाईंची खानावळ होती.

ही खानावळ म्हणजे बुधाजीच्या नोकरीचं सोनं. तांदळाची पोती, सुक्या मासळीची टोपली आणि दोन पाळ्यांच्या गिरणीकामगारांचं जेवण. तिथले उंदीर मांजराला रस्ता सोडायला लावत. एका पिंजऱ्यात दोन-दोन सापडत. बुधाजीचा बोजा चौकीवर सगळ्यांत जड भरे तो या खानावळीच्या जिवावर. वर सकाळी गंगुबाई स्वतःच्या हाताने त्याला चहा देई आणि तव्यावरचा पहिला बोंबील. गंगुबाई ही मोठ्या आवाजाची विधवा बाई. कामगारांना ती पोरांसारखं वाढी आणि पोरांसारखंच झोडपी. तिच्या हातचा पहिला बोंबील मिळणं म्हणजे लालबागमध्ये पदवी मिळण्यासारखं होतं.

बुधाजी त्या दिवशी घरी आला तो बांबू कोपऱ्यात आपटूनच. त्याची बायको रमाबाई तांदूळ निवडत होती. सगळी हकीगत ऐकून ती म्हणाली, "म्हंजे तुमका सवत इली म्हणा की!"

"थट्टा करू नको. दिल्लीवाल्यांनी मुंबईवर रेघ मारली तर सगळो मुलूख रस्त्यावर इलो. माझ्या लालबागवर रेघ मारली तर कोण येतलो?"

"मी येतंय," रमाबाई म्हणाली आणि सुपासकट मूठ वर करून तिने घोषणा दिली, "गंगुबाईंसह संयुक्त लालबाग झालंच पाहिजे!"

गॅलरीत हे ऐकणारे आम्ही पाच-सहा जण होतो. पुढचे दोन महिने चाळीतली पोरं बुधाजीच्या मागे ही घोषणा देत जिना उतरत असत. तोही वरकरणी हसे. पण आत कुठेतरी जळत होतं.

नवा माणूस म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतला रमाकांत. पंचविशीतला, केसांना तेल, बोलायला गोड. पिंजरेही त्याला नवे मिळाले होते. बुधाजीचे जुने पिंजरे मागच्या बाजूने उघडत, हे नवे वरून. "ह्यो काय पिंजरो? पानाचो डबो!" असं म्हणून बुधाजीने त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. रमाकांत हाक मारत नसे, शीळ घालत येई. बायका शीळ ऐकून हसत बाहेर येत. मोर्चात घोषणेला पहिला आवाज बुधाजीचा असे, तो आता रमाकांतचा झाला. त्याच्या छातीत हवा जास्त होती, याला बुधाजी तरी काय करणार?

सगळ्यांत मोठा घाव घरातच बसला. बुधाजीची स्वतःची खोली रेघेच्या अलीकडे! एका संध्याकाळी तो कामावरून आला तर रमाबाई मोरीशी एक चकचकीत पिंजरा ठेवत होती.

"ह्यो कोणाचो?"

"आपलो नंबर होतो आज. रमाकांत देऊन गेलो. काकी-काकी करता हो, गुणी आसा पोरगो."

"पिंजरेवाल्याच्या घरात परक्याचो पिंजरो?"

"मग उंदरांका सांगा, करी रोडवर राहूक जावा म्हणान."

बुधाजी जेवला नाही. रात्री पिंजऱ्यात उंदीर सापडला, तर त्या उंदराशीही अबोला धरल्यासारखं त्याचं तोंड होतं.

मग देवाने त्याला एक संधी दिली. मे महिन्यात रमाकांतला उंदीर चावला. पोरगा सरळ चौकीवर गेला, साबणाने हात धुतला, साहेबाला सांगितलं आणि दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेतली. बुधाजीला आकाश ठेंगणं झालं. रमाकांतच्या मुंडावळ्या त्याने स्वतःच्या हाताने वळल्या. भजी खाल्ली ती खाल्ली, वर सगळ्या लालबागभर हिंडून सांगितलं, "आमच्या जावयबापूंका बघलात? हात कसो सुजलो हा बघा!" त्याची अशी समजूत की आता गंगुबाई म्हणेल, हा कच्चा दिसतो, आम्हांला आपले बुधाजीच बरे.

गंगुबाईने काय केलं? जखमी पोर म्हणून रमाकांतला पाटावर बसवून हळदीचं दूध दिलं. आणि त्या दिवसापासून एकाऐवजी दोन बोंबील.

ते दोन बोंबील बुधाजीला पचेनात. मला एकदा जिन्यात थांबवून तो म्हणाला, "मास्तर, माणसाक उंदीर चावलो नाय हो काय गुन्हो झालो?" मी मास्तर नाही, कारकून आहे, पण चष्मा असलेल्या प्रत्येकाला तो मास्तर म्हणायचा. मी म्हटलं, "बुधाजी, जाऊ दे. बोंबील तो काय!" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी बोंबलाबद्दल हलकं बोललो नाही.

वटपौर्णिमेच्या सकाळी रमाबाई उपास धरून, सूत घेऊन वडाकडे निघाली आणि बुधाजी वेगळ्या कामाला. गंगुबाई त्या वेळी नळावर असते हे त्याला ठाऊक होतं. खानावळीच्या मागच्या दाराने तो आत शिरला. पोत्यांच्या आड रमाकांतचा पिंजरा होता आणि त्यात एक मुसळासारखा उंदीर. बुधाजीचा बेत साधा होता. उंदीर सोडून द्यायचा. रमाकांतला रिकामा पिंजरा उचलावा लागेल, असं रोज होईल, आणि साहेब आपोआप रेघ पुसेल.

सवयीने त्याचा डावा हात वरून पिंजरा धरायला गेला आणि उजवा मागची कडी शोधायला. मागे कडी नव्हती. दार वरच होतं, नेमकं त्याच्या डाव्या पंज्याखाली. ते उघडलं, उंदीर वर उसळला, अंगठ्याजवळ दात रोवले आणि पोत्यांमागे पसार झाला. ज्याला उंदीर ओळखत होते त्याला या उंदराने बहुतेक चांगलंच ओळखलं.

बुधाजी ओरडला नाही. हात काखेत दाबून तसाच बाहेर पडला. त्या गडबडीत त्याची पितळी चुन्याची डबी कमरेतून पडली. ते त्याला करी रोडला पोचल्यावर कळलं.

"हाताक काय झाला?" रमाबाईने संध्याकाळी विचारलं.

"पिंजऱ्याची तार लागली."

"आणि डबी?"

"हरवली खय तरी."

जखम चार दिवसांत भरली. बुधाजीला वाटलं, सुटलो. पण दोन आठवड्यांनी एका सकाळी तो उठला तो कुडकुडतच. त्या दिवसांत मुंबईत फ्लूची साथ होती, चाळीत दर खोलीत एक अंथरूण घातलेलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी फ्लूचं लाल औषध दिलं. ताप उतरला, रमाबाईने देवापुढे साखर ठेवली, आणि चार दिवसांनी ताप परत आला. पुन्हा उतरला, पुन्हा आला. फ्लू असं येणं-जाणं करत नाही. अंगावर तांबूस चट्टे उठले. भरलेली जखम पुन्हा सुजून जांभळी झाली. ती बुधाजीने फडक्यात गुंडाळून ठेवली, "नख लागला" म्हणून.

आणि मग एका दुपारी, कूस बदलताना, त्याच्या हाताला काखेत गाठ लागली.

त्या दिवसापासून तो गॅलरीत निजू लागला. रमाबाईने कारण विचारलं तर "आत उकडता." तिने पाणी आणलं तर "लांब ठेव." मी समोरच राहायचो. तो डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा. आईच्या काखेतली गाठ त्याने लहानपणी पाहिली होती, आता तीच आपल्याला आली असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. उंदीर चावला असं एक वाक्य बोलला असता तर डॉक्टरला पुढचं सगळं कळलं असतं. पण ते एक वाक्य एकटं येणार नव्हतं. कुठे चावला? कुणाच्या पिंजऱ्यातला? तुझा तिथे काय संबंध? आणि ही बातमी पहिल्यांदा पोचणार रमाकांतकडे. मरायची त्याला भीती होतीच. पण रमाकांत हसेल याची भीती एक बोट जास्त होती.

शेवटी रमाबाईने चाळ गोळा केली आणि आम्ही त्याला टॅक्सीत घालून परळच्या इस्पितळात नेलं. वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, सुमेधाबाई. त्यांनी हात पाहिला, काख पाहिली, चट्टे पाहिले.

"काम काय करता?"

"उंदीरखात्यात."

"उंदीर चावला होता का?"

"माका? बाई, चौकीवर जाऊन विचारा. बुधाजी घाडीक उंदीर चावत नाय."

"हे अंगठ्याशी काय मग?"

"तार."

त्यांनी संध्याकाळी पुन्हा विचारलं, दुसऱ्या सकाळी पुन्हा. बुधाजी तारेवरून हलेना. रमाबाई बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती. सुमेधाबाई तिला म्हणाल्या, "मला संशय आहे, पण ते नाही म्हणतात. असे ताप चार प्रकारचे असतात. हा असाच चालू राहिला तर हृदयावर जायचा. त्यांना काही आठवतंय का, तुम्ही विचारून बघा."

त्याच दिवशी भेटीच्या वेळेला गंगुबाई आली, हातात पेजेचा डबा. मागे रमाकांत, हातात मोसंबी. बुधाजीने त्याला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढ्यात सिस्टरने पट्टी बदलायला फडकं सोडलं आणि रमाकांतला तो अंगठा दिसला. त्याने खिशात हात घालून काहीतरी चाचपलं. मग तो सरळ सुमेधाबाईंच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"बाई, काकांना उंदीर चावलाय."

बुधाजीची मान गर्रकन वळली.

"खानावळीत माझ्या पिंजऱ्यातला उंदीर सुटून माझ्या अंगावर आला. काका होते म्हणून बरं! त्यांनी हात मध्ये घातला. माझा हात वाचवला बघा. पण स्वतःची फुशारकी सांगायची नाही हा त्यांचा स्वभाव, म्हणून बोलत नाहीत."

सगळा वॉर्ड बुधाजीकडे आदराने बघू लागला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने हात जोडले. रमाबाईचे डोळे भरून आले. बुधाजीने नुसतं गप्प राहायचं होतं. जीव वाचत होता, अब्रू वाचत होती, वर शौर्यपदक मिळत होतं. पण त्याच्या लक्षात आलं की हे सगळं त्याला कोण देत आहे. शीळ याची चांगली, आवाज याचा मोठा, बोंबील याला दोन, आणि आता मोठं मनसुद्धा याचंच? हे मात्र त्याला सोसेना. तो तापातच उठून बसला.

"खोटा बोलता तो!" बुधाजी ओरडला. "मी खय त्याक वाचवूक गेललंय? त्याचो पिंजरो मीच उघडलंय! उंदीर सोडूक! ह्याचो पिंजरो रिकामो जाऊचो म्हणान! वटपौर्णिमेच्या सकाळी, गंगुबाई नळार गेल्यार!"

आधी रमाबाई बोलली.

"आणि त्या सकाळी मी वडाक फेरे मारून ह्यांका सात जन्म मागत होतंय!"

गंगुबाईने पेजेचा डबा खाली ठेवला. "अरे बुधाजी, मला काय माहीत नव्हतं? पोत्याशी तुझी डबी पडलेली, पिंजऱ्यावर रक्त. मीच डबी रमाकांतच्या हातात दिली. म्हटलं जा, दे साहेबाला. तर म्हणतो, नको मावशी, काका येतील मागायला."

रमाकांतने खिशातून पितळी डबी काढून खाटेवर ठेवली. सुमेधाबाईंना मात्र डबीत रस नव्हता. "वटपौर्णिमेला चावला? नक्की?" असं त्यांनी दोनदा विचारलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि सिस्टरला पेनिसिलीन आणायला सांगितलं.

"बाई," बुधाजीने हळूच विचारलं, "म्हंजे ही गाठ... ती गाठ नव्हे?"

"प्लेगची? नाही हो. हा उंदीर चावल्याचा ताप. त्याच्या तोंडात जंतू असतात, ते दातातून तुमच्यात आले आणि गुपचूप वाढत बसले. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर खाट अडवावी लागली नसती."

बुधाजी पालथा वळून रडला. सुई टोचली म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं.

तो बरा झाला आणि चौकीवर गेला तेव्हा पिंप आधीच उलटं करून ठेवलेलं होतं. रीत ती रीत. भजी त्याची, मुंडावळ्या रमाकांतने बांधल्या. पण नाव ठेवायच्या वेळी बुधाजीने हात वर केला. याला उंदीर आधी चावला म्हणून हा थोरला आणि मी धाकटा, असं चालणार नाही. नोकरीत मी जुना, माझा ताप मोठा, सुया मला जास्त. बराच खल झाला. शेवटी साहेबाने निवाडा दिला आणि बुधाजी 'थोरला जावई' झाला. रेघ मात्र साहेबाने पुसली नाही. पण रमाकांतनेच सांगितलं की खानावळीचे उंदीर एकट्याला झेपत नाहीत, काकांनी सकाळी तेवढी मदत करावी. नवा पिंजरा वरून कसा उघडायचा ते बुधाजीने त्याच्याकडून शिकून घेतलं, दुसरीकडे बघत.

पुढे मी एकदा सकाळी खानावळीवरून जात होतो. दोघे पाटावर बसले होते, पलीकडे भरलेले पिंजरे. गंगुबाईने दोघांपुढे एकेक बोंबील आणि एकेक कप ठेवला. बुधाजीने आपल्या कपात पाहिलं, मग मान न वळवता रमाकांतच्या कपात पाहिलं. रमाकांतच्या ते लक्षात आलं. त्याने कप बदलले आणि तो चहा प्यायला लागला.

बुधाजी आपल्या नव्या कपाकडे बराच वेळ बघत राहिला. मग मला हाक मारून म्हणाला, "मास्तर, जरा हयसर येवा. चष्म्यातून नीट बघून सांगा. माझो आधीचो कप जास्त भरललो नव्हतो काय?"